वाचनालयाची साइट बंद होण्याआधी: एचटीट्रॅक, न संपणारे कॅलेंडर आणि जुना मराठी फॉन्ट

हे प्रकरण नमुन्याचे आहे. मराठी संस्थांच्या जुन्या साइट उतरवून घेताना ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्या एका साइटीत एकत्र आणल्या आहेत आणि आकडेही त्याच मापाचे धरले आहेत. फाइलींची नावे, पत्ते आणि नियम इथे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन अक्षरांतच टाकायची आहेत.

परिस्थिती

तालुक्याच्या गावचे एक सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य ‘ब’ वर्ग. साइट २००२ साली सुरू झाली. २००८ पर्यंतचा भाग हाताने लिहिलेल्या एचटीएमएल पानांचा आहे: मासिक वार्तापत्राची ३१० पाने, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. २००९ पासून २०१६ पर्यंतचा भाग जूमला या साइट चालवण्याच्या तयार प्रणालीवर आहे. त्यात बातम्या, कार्यक्रमांचे कॅलेंडर, १,८०० फोटोंचे दालन, वार्षिक अहवालांच्या पीडीएफ आणि ग्रंथसूचीत शोध घेण्याचे पान आहे.

होस्टिंग देणाऱ्याने जुना सर्व्हर बंद करण्याची तारीख कळवली. हातात १९ दिवस. साइट बनवणारा गाव सोडून गेलेला आणि कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड कोणाकडेच नाही. पासवर्ड असता तर पहिले काम एफटीपीने, म्हणजे थेट सर्व्हरवरून, सगळ्या फाइली आणि डेटाबेसची निर्यात काढून घेण्याचे होते. तो नसल्यामुळे साइट बाहेरून, वाचकाला दिसते तशी, पानापानाने उतरवणे एवढाच मार्ग उरला. त्यासाठी झाव्हिए रोश यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला मोफत आणि मुक्त प्रोग्राम एचटीट्रॅक घेतला. विंडोजवर तो विनएचटीट्रॅक या नावाने मिळतो.

प्रोग्राम चालू करण्याआधी दोन पत्रे लिहायची. एकात वाचनालयाच्या सचिवांची लेखी परवानगी हवी. दुसरे डोमेनच्या मालकाच्या नात्याने होस्टिंगवाल्याला, ग्रंथसूचीच्या डेटाबेसची निर्यात मागणारे. दुसरे पत्र पहिल्याच दिवशी जायला हवे. एचटीट्रॅक दुव्यांवरून चालतो, फॉर्म भरत नाही. शोधाच्या चौकटीत नाव टाइप केल्यावरच समोर येणारी हजारो पुस्तके त्याला कधीच दिसणार नाहीत, आणि वाचनालयाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची नोंद आहे.

पहिली रात्र: मूळ सेटिंगवर

पत्ता दिला, ‘डाउनलोड वेब साइट्स’ निवडले, बाकी काही न बदलता चालू केले. सकाळी फोल्डरमध्ये हजारो फाइली होत्या आणि काम संपायचे नाव नव्हते. वार्तापत्राची पाने आली होती, पण वाचता येत नव्हती. फोटोंच्या दालनात चौकटी होत्या, फोटो नव्हते.

फाइलींचा ढीग कॅलेंडरने केला होता. प्रत्येक महिन्याच्या पानावर ‘मागील’ आणि ‘पुढील’ असे दुवे असतात आणि प्रत्येक तारखेलाही दुवा असतो. एका वर्षाची ३६५ दिवसपाने आणि १२ महिनापाने, म्हणजे ३७७. सेकंदाला चार पाने उतरत असतील तर तासाला १४,४०० होतात, म्हणजे कॅलेंडरची अडतीस वर्षे. त्यांतल्या बहुतेक पानांवर ‘या दिवशी कार्यक्रम नाही’ एवढेच वाक्य आहे. त्यात भर जूमलाच्या प्रत्येक लेखाखाली असणाऱ्या तीन चिन्हांची: छपाईचे पान, मित्राला ईमेल आणि पीडीएफ. एकच लेख चार वेळा.

फोटो न येण्याचे कारण रोबोट्स फाइलमध्ये होते. जूमलाच्या जुन्या आवृत्त्यांसोबत येणाऱ्या रोबोट्स.टीएक्सटी फाइलमध्ये शोधयंत्रांना प्रतिमांच्या फोल्डरची मनाई लिहिलेली असे. साइट बनवणारे ती फाइल क्वचितच उघडून बघत. एचटीट्रॅक मूळ सेटिंगवर ही मनाई पाळतो, म्हणून पाने घेतली आणि फोटो वगळले.

गाळणीचे नियम

प्रकल्प थांबवून नवा प्रकल्प, नव्या फोल्डरमध्ये. फोल्डर डिस्कच्या मुळाशी आणि नाव तीन-चार अक्षरांचे ठेवले, कारण विंडोजमध्ये पूर्ण मार्गाची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. अहवालांच्या पीडीएफना देवनागरी नावे असतील तर हे फारच महत्त्वाचे. पत्त्यात देवनागरीचे एक अक्षरचिन्ह टक्केवारीच्या चिन्हांसह नऊ अक्षरे खाते. चाळीस चिन्हांचे नाव ३६० अक्षरांचे होते.

‘सेट ऑप्शन्स’मधल्या ‘स्कॅन रूल्स’ कप्प्यात हे नियम लिहिले:

-*कॉम_जेइव्हेंट्स*
+*टास्क=आयकॅलरिपीट.डिटेल*
+*इयर.लिस्टइव्हेंट्स*२००९*
-*प्रिंट=१*
-*कॉम_मेलटू*
-*फॉरमॅट=पीडीएफ*

उणे म्हणजे नको, अधिक म्हणजे हवे, तारा म्हणजे मधे काहीही. क्रमाला इथे फार किंमत आहे: एकाच पत्त्याला दोन नियम लागू पडले तर यादीत नंतरचा नियम चालतो. आधी संपूर्ण कॅलेंडर बंद केले, मग एकेका कार्यक्रमाचे तपशीलपान उघडे केले. क्रम उलटा लिहिला तर शेवटचे उणे सगळ्यांवर पाणी फिरवते.

फक्त पहिल्या दोन ओळी लिहून भागत नाही, आणि ही चूक पटकन ध्यानात येत नाही. तपशीलपानांकडे जाणारे दुवे कॅलेंडरच्याच पानांवर असतात. कॅलेंडर पूर्ण बंद केले की तपशीलपानाला परवानगी असूनही तिथवर पोहोचायची वाट राहत नाही. म्हणून तिसरी ओळ: वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी दाखवणारे पान. अशी ओळ २००९ ते २०१६ या प्रत्येक वर्षासाठी लिहिली आणि तेच आठ पत्ते एका साध्या मजकूर फाइलीत टाकून पहिल्या पडद्यावरच्या ‘यूआरएल लिस्ट’ या चौकटीतही दिले. ३७७ पानांऐवजी वर्षाला एक पान आणि खरोखर झालेले कार्यक्रम.

नियम बरोबर बसले का, ते पूर्ण साइट उतरवून तपासू नये. ‘लिमिट्स’ कप्प्यात खोली ३ ठेवून दहा मिनिटे चालवावे आणि काय आले, काय गाळले ते बघावे. अशा तीन चाचण्यांत दीड तास जातो आणि एक रात्र वाचते.

रोबोट्सची मनाई ‘स्पायडर’ कप्प्यात बंद केली. हा अधिकार साइटच्या मालकाची परवानगी असेल तेव्हाच वापरावा. दुसऱ्याच्या साइटवर ती मनाई पाळणे हाच नियम आहे, आणि तीच फाइल सर्व्हरला झेपणार नाहीत असे कोपरेही सांगत असते. त्याच कप्प्यातली कुकी (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) स्वीकारण्याची खूण चालूच ठेवली. कुकी नाकारली तर काही पीएचपी साइट प्रत्येक दुव्याच्या शेपटीला सत्राचा क्रमांक जोडतात. मग तेच पान प्रत्येक वेळी नव्या पत्त्याने समोर येते आणि प्रोग्राम ते नवीनच समजतो.

कुकीबाबत एक धोक्याची सूचना. लॉगिनच्या आतली पाने हवी असतील तर ब्राउझरमधली कुकी ‘कुकीज.टीएक्सटी’ या फाइलीतून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवता येते. पण ती कुकी प्रशासकाची कधीही नसावी. असा प्रोग्राम समोर दिसेल त्या प्रत्येक दुव्यावर जातो. ‘हा लेख काढून टाका’ हाही त्याच्या लेखी एक दुवाच असतो, आणि तो शंभर लेखांच्या शंभर दुव्यांवर मुकाट्याने जाईल.

सर्व्हरला दम खाऊ देणे

स्वस्त सामायिक होस्टिंगवर एकाच यंत्रात शेकडो साइट असतात. ‘फ्लो कंट्रोल’मध्ये एकाच वेळचे संपर्क २ वर आणले, वाट पाहण्याचा काळ १२० सेकंद आणि पुन्हा प्रयत्न ५. ‘लिमिट्स’मध्ये वेग सेकंदाला १०० केबी ठेवला. दालनातले १,८०० फोटो सरासरी दीड एमबीचे धरले तर २.७ जीबी होतात. या वेगाने साडेसात तास. रात्री अकराला लावले तर सकाळी साडेसहाला आटोपते. १९ दिवस हातात असताना याहून घाई करायचे कारण नाही. घाई केली तर सर्व्हरची सुरक्षा यंत्रणा आपला पत्ता अडवते आणि मग दोन दिवस साइट उघडतच नाही.

‘फ्लो कंट्रोल’मध्येच उत्तर वेळेत न आल्यास तो होस्ट सोडून देण्याची एक खूण असते. ती रिकामी ठेवावी. साइट एकाच होस्टवर असताना ही खूण चालू असेल तर मध्यरात्री सर्व्हर दोन मिनिटे अडखळला, तरी उरलेले सगळे काम तिथेच सोडून दिले जाते आणि सकाळी पडद्यावर ‘काम पूर्ण’ असे दिसते.

काही सर्व्हर एचटीट्रॅकचे नाव ऐकताच ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’ असे उत्तर देतात. ‘ब्राउझर आयडी’ कप्प्यात ओळख बदलता येते. इथे परवानगीचे पत्र हातात असल्यामुळे बदलली. त्याच कप्प्यात प्रत्येक पानाच्या तळाशी लिहिली जाणारी टीप असते: कुठून उतरवले आणि केव्हा. ती पडद्यावर दिसत नाही, पानाच्या आतल्या मजकुरात राहते. काही जण ती नीटनेटकेपणासाठी काढतात. काढू नये. दहा वर्षांनी एखादे पान ढिगातून सुटे सापडले तर त्याचा मूळ पत्ता सांगणारी तेवढीच ओळ असेल.

वार्तापत्राची पाने का वाचता येईनात

आता साइटच्या सर्वांत मौल्यवान भागाबद्दल. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये तिचा आधार विंडोज २००० पासून आला आणि गावोगावच्या संगणकांवर पोहोचायला आणखी काही वर्षे लागली. तोवर मराठी साइट एका युक्तीवर चालत: इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेला फॉन्ट. फाइलीत खरे तर रोमन चिन्हांची ओळ असते. तो विशिष्ट फॉन्ट असला तरच ती मराठी दिसते. फॉन्ट नसला की पान म्हणजे निव्वळ खिचडी. अशा पानाची फॉन्टविना घेतलेली प्रत ही अर्धीच प्रत आहे.

वाचकाला फॉन्ट बसवावा लागू नये म्हणून पानासोबत फॉन्ट पाठवायची सोय तेव्हा होती. इंटरनेट एक्सप्लोररसाठी मायक्रोसॉफ्टच्या वेफ्ट या साधनाने ईओटी प्रकारची फॉन्ट फाइल बनवत. नेटस्केपसाठी पीएफआर नावाचा वेगळा प्रकार होता. वार्तापत्राच्या पानांत ईओटीचा पत्ता पानाच्याच शैलीविभागात लिहिलेला सापडला. एचटीट्रॅकने ती फाइल आणली आहे का, ते डोळ्यांनी पाहून घेतले पाहिजे. आणली नसेल तर तिचा पत्ता यादीत हाताने घालायचा. पीएफआरसाठी तर हेच करावे.

फाइल आली, तरी डिस्कवरचे पान खिचडीच दाखवते. याची तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि ती सुटी सुटी ओळखली नाहीत तर माणूस दिवसभर चाचपडत बसतो.

एक, ईओटी इंटरनेट एक्सप्लोररपुरताच होता. क्रोम आणि फायरफॉक्स तो वाचत नाहीत.

दोन, जुन्या यंत्रावर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पान उघडले तरी फॉन्ट लागत नाही, कारण वेफ्टने बनवलेली ईओटी एका ठरावीक डोमेनला बांधलेली असते. फॉन्टची चोरी होऊ नये म्हणून मूळ साइटचा पत्ता फाइलीच्या शीर्षभागात कोरलेला असतो. पान त्या पत्त्यावरून आले नाही, डिस्कवरून आले, की फॉन्ट नाकारला जातो. प्रत नीट उतरली आहे, फॉन्टही शेजारी आहे, आणि तरीही वाचता येत नाही असे कोडे पडले तर उत्तर बहुधा हेच असते.

तीन, अक्षरसंचाची घोषणा. होस्टिंगचा सर्व्हर मधल्या काळात बदलला होता आणि नवा सर्व्हर प्रत्येक पान यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) आहे असे सांगत होता. म्हणून जिवंत साइटवरही वार्तापत्र काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हांनी भरलेले दिसे, आणि जुनी पाने ‘करप्ट झाली’ असा वाचनालयात समज होता. ती करप्ट झालेली नाहीत. फाइलीतला एकही बाइट बदललेला नाही, फक्त ब्राउझर ते चुकीच्या कोष्टकाने वाचतो आहे. एचटीट्रॅक सर्व्हरची ही घोषणा उचलून पानाच्या माथ्यावर स्वतःची एक ओळ लिहून ठेवतो. हेतू चांगला आहे, कारण डिस्कवर सर्व्हर नसतो. पण घोषणाच चूक असेल तर चूक कायमची चिकटते.

उपाय करण्याआधी एक पथ्य: अशी फाइल एडिटरमध्ये उघडून ‘सेव्ह’ करू नये. एडिटरने ती यूटीएफ-८ समजून उघडली तर न कळलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी तेच एक प्रश्नचिन्ह लिहिले जाते, आणि मग मजकूर खरोखरच जातो. मूळ प्रत केवळ वाचण्यापुरती करून बाजूला ठेवली आणि काम दुसऱ्या प्रतीवर केले. एचटीट्रॅकने घातलेल्या ओळीतला यूटीएफ-८ हा शब्द बदलून विंडोज-१२५२ (रोमन अक्षरांचा जुना संच) केला, तोही बाइट पातळीवर काम करणाऱ्या सेड या साधनाने, ३१० पानांत एकदम. काही पानांच्या स्वतःच्या घोषणेत ‘एक्स-यूजर-डिफाइन्ड’ असे होते. पानातल्या अशा घोषणेला आजचे ब्राउझर विंडोज-१२५२ समजूनच वाचतात. तरी घोळ नको म्हणून तिथेही विंडोज-१२५२ केले.

राहिला फॉन्ट. साइटवर ‘मराठी फॉन्ट इथून घ्या’ असा दुवा होता, पण तो दुसऱ्या डोमेनवर जाणारा. एचटीट्रॅक मूळ सेटिंगवर बाहेरच्या डोमेनवर जात नाही. ‘लिंक्स’ कप्प्यात पानाला लागून असलेल्या बिगर-एचटीएमएल फाइली बाहेरून आणण्याची खूण आहे. ती चालू केली की अशी झिप फाइल येते. दुवा मेलेला असेल तर तोच पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशिनमध्ये (जुन्या वेबपानांच्या संग्रहात) टाकून पाहावा. तिथेही नसेल तर वाचनालयातल्या जुन्या डीटीपी संगणकाचे फॉन्ट्स फोल्डर बघावे; वार्तापत्र ज्या यंत्रावर जुळवले, तिथे तो बहुतेक वेळा असतोच. ईओटीतून टीटीएफ (संगणकावर बसवता येणारी नेहमीची फॉन्ट फाइल) काढता येतो, पण वेफ्टच्या फाइली दाबलेल्या असतात आणि पुष्कळदा त्यात पानावर वापरलेलेच आकार असतात, म्हणून तो शेवटचा उपाय. टीटीएफ संगणकावर बसवला आणि पानातल्या नावाशी त्याचे नाव जुळले की ३१० पाने वाचता येतात. फॉन्टही कोणाच्या तरी मालकीचा असतो. प्रतीसोबत तो इतरांना वाटण्याआधी परवाना पाहावा.

वीज गेली तेव्हा, आणि ‘अपडेट’चा धोका

दुसऱ्या रात्री तीन तास वीज गेली. एचटीट्रॅक प्रकल्पात ‘एचटीएस-कॅशे’ नावाचे फोल्डर ठेवतो. ‘कंटिन्यू इंटरप्टेड डाउनलोड’ निवडले की तिथे नोंदलेल्या फाइली पुन्हा मागवल्या जात नाहीत. जागा वाचवायला हे फोल्डर पुसणारे मग पहिल्यापासून सुरुवात करतात.

त्याच यादीत ‘अपडेट एक्झिस्टिंग डाउनलोड’ हाही पर्याय आहे आणि दोन्हींतला फरक नीट समजून घ्यावा. अपडेट करताना जी पाने आता साइटवर सापडत नाहीत, ती प्रोग्राम आपल्या डिस्कवरूनही काढून टाकतो, कारण त्याच्या लेखी प्रत म्हणजे साइटची आजची स्थिती. बंद होत चाललेल्या साइटवर हे घातक आहे. होस्टिंगवाल्याने अर्धा भाग आधीच हटवला आणि त्या दिवशी अपडेट चालवले, तर आपलीही अर्धी प्रत जाते. ‘बिल्ड’ कप्प्यात जुन्या फाइली न पुसण्याची खूण आहे. ती पहिल्याच दिवशी करावी आणि तरीही अपडेटआधी पूर्ण फोल्डरची नक्कल ठेवावी.

तपासणी

‘एचटीएस-लॉग’ फाइलीत चुका शोधल्या. ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’ असे उत्तर आलेल्या पत्त्यांची यादी वेगळी काढली. त्यातली अकरा पाने वेबॅक मशिनमध्ये मिळाली आणि ती वेगळ्या फोल्डरमध्ये, तारखेसह ठेवली, मूळ प्रतीत मिसळली नाहीत.

लॉग स्वच्छ असूनही फसवणूक होते ती पीडीएफच्या बाबतीत. फाइल सर्व्हरवर नसताना काही साइट ४०४ न देता ‘पान सापडले नाही’ असे साधे पान, सगळे ठीक असल्याच्या २०० क्रमांकासह देतात. ते अहवालाच्या नावाने जतन होते. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्केवारीचे चिन्ह आणि पीडीएफ ही तीन अक्षरे यांनी होते. सगळ्या पीडीएफ आकाराने क्रमवार लावल्या की पाच-सात केबीच्या नेमक्या सारख्या आकाराच्या फाइली वर येतात. त्या उघडून पाहायच्या.

मग इंटरनेट बंद करून प्रत वापरून पाहिली. इंटरनेट चालू असताना तपासले तर न उतरलेला फोटो जिवंत साइटवरून येतो आणि सगळे छान दिसते. फायली ज्या संगणकावर उतरवल्या त्याच्यावर नव्हे, दुसऱ्यावर, प्रत्येक विभागातली किमान दहा पाने.

दुसरी प्रत कशासाठी

एचटीट्रॅक दुवे बदलतो आणि प्रश्नचिन्हानंतरच्या लांब शेपटीऐवजी नावाला चार अक्षरांचा संकेत जोडतो. वाचायला हे सोयीचे, पण मूळ पत्ता आणि सर्व्हरचे शब्द त्यात राहत नाहीत. म्हणून तेच काम वेगेट या दुसऱ्या प्रोग्रामने वार्क या वेब संग्रहासाठीच्या फाइल प्रकारात पुन्हा केले. ही सोय वेगेटमध्ये १.१४ या आवृत्तीपासून, २०१२ साली आली. वार्कमध्ये प्रत्येक उत्तर शीर्षओळींसकट, जसेच्या तसे राहते. यूटीएफ-८ची ती चुकीची घोषणाही त्यात नोंदलेली आहे, आणि उद्या कोणी वार्तापत्राची पाने अशी का दिसत होती हे विचारले तर पुरावा तिथे सापडेल.

वाचनालयाकडे शेवटी चार फोल्डर गेले: अस्पर्श प्रत, दुरुस्त केलेली वाचनप्रत, वार्क आणि होस्टिंगवाल्याकडून सोळाव्या दिवशी आलेली ग्रंथसूचीची निर्यात. प्रत्येक फाइलीच्या एसएचए-२५६ बेरजेची (फाइल पुढे बदलली का ते ओळखण्याच्या ठशाची) यादी सोबत, आणि सगळे दोन वेगळ्या डिस्कवर, एक वाचनालयात आणि एक बाहेर.

वार्तापत्र युनिकोडमध्ये आणण्याचे काम पुढचे आहे. त्या फॉन्टचे आकार-कोष्टक असलेला परिवर्तक लागेल. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी नोंदलेली असते, ती नंतर न्यावी लागते. रफार अक्षरानंतर असतो, तो आधी आणावा लागतो. साध्या शोध-आणि-बदलाने ‘कीर्ती’ आणि ‘निर्मिती’ दोन्ही मोडतात, म्हणून पहिली वीस पाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय उरलेल्या २९० पानांवर परिवर्तक चालवू नये.